परदेशी वस्तु आणि स्वदेशी राग



गेल्या पावसाळ्यांत आमच्या वर्गांत एक लहानसा प्रसंग घडला. त्यावरून हा पाठ लिहिण्याचें आम्हीं मनांत घेतलें. जुन्नर व आंबेगांव ह्या दोन तालुक्यांतील पुष्कळ मुलांचे वडील किंवा वडील भाऊ आज चाकणच्या बाजूस मोटारींच्या कारखान्यांत कामास जातात, हें तुम्हांस ठाऊकच आहे. अशाच एका मुलाच्या वडिलांचें कंत्राटी काम त्या सुमारास सुटलें. त्याच आठवड्यांत दुसऱ्या एका मुलाचे मामा परदेशी बनावटीच्या नव्या मोटारींतून त्यास शाळेच्या फाटकापाशीं सोडून गेले. मधल्या सुटींत पहिला दुसऱ्यास म्हणाला, "तुमच्यासारख्यांमुळंच माझ्या बापाचं काम गेलं." भोंवतालच्या मुलांनीं तेवढें शब्द उचलले, त्या मुलास 'विलायत्या' असें नांव ठेविलें, आणि पुढें आठ दिवस तो आपल्या बांकावर एकटा बसूं लागला.

आम्हीं प्रथम ही गोष्ट हंसण्यावारी नेली. मुलांचें भांडण, दोन दिवसांत मिटेल, असें आम्हांस वाटलें. परंतु तें मिटलें नाहीं. आणि विचार करूं लागलों तों असें दिसलें कीं, हें भांडण मुलांचें नव्हे. तें पुष्कळ जुनें आहे, पुष्कळ देशांत झालेलें आहे, आणि कित्येकदां त्यांत रक्त सांडलें आहे. आपल्या हातचें काम ज्याच्यामुळें गेलें असें वाटतें तो परदेशी माल, आणि तो माल वापरणारा आपलाच शेजारी, ह्या दोहोंत भेद न करितां आलेल्या रागाची ही हकीकत आहे. तिचा नीट अभ्यास करावा, म्हणजे आपल्या वर्गांतील त्या बांकाविषयींही आपणांस कांहीं कळेल.

१. राग खोटा नसतो

आरंभींच एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ज्याचें काम गेलें त्याचें दुःख खरें असतें. त्यास 'अडाणी' म्हणून झिडकारणें हा न्याय नव्हे.

आपल्या जुन्नराकडेच पाहा. येथील हातकागद एके काळीं महाराष्ट्रांत नांवाजलेला होता. 'कागदी' म्हणून ओळखले जाणारे मुसलमान कारागीर तो करीत. जुनें गोणपाट, दोर आणि रद्दी चुन्याच्या पाण्यांत भिजवावयाची, कांडावयाची, वाहत्या पाण्यांत धुवावयाची. मग त्या लगद्यांत बारीक चटईची चौकट बुडवून पातळ थर अलगद उचलावयाचा. तो वाळवून त्यास खळ लावावयाची, आणि शेवटीं गुळगुळीत दगडानें घोटून त्यावर चकाकी आणावयाची. कुळकर्ण्याचें दप्तर आणि सावकाराची वही अशा कागदावर लिहिली जाई. बोरूची शाई त्यावर फुटत नसे.

पुढें यंत्राचा कागद आला. तो पांढरा, एकसारख्या जाडीचा व स्वस्त होता. छापखान्यांस तर तोच लागे. हातकागदाचा धंदा बसत गेला. आतां ह्यांत कागद्यांचा शत्रु कोण? यंत्राचा कागद विकत घेणारा कुळकर्णी? त्याच्या गांठीं दोन पैसे वांचले, एवढाच त्याचा अपराध. परदेश म्हणावा, तर यंत्राचा सर्वच कागद परदेशाहून येत नव्हता. आपल्याच देशांत निघालेल्या गिरण्याही तो करूं लागल्या होत्या. म्हणजे ज्या कागदानें जुन्नरच्या कागद्याचें पोट मारिलें, त्यांतला कांहीं 'विलायती' होता आणि कांहीं चांगला 'स्वदेशी' होता. कारागिराच्या घरांतील चूल मात्र दोहोंनीं सारखीच विझली.

हा पहिला धडा लक्षांत ठेवा. काम जाण्याचें कारण बहुधा एक नसतें. यंत्र, किंमत, राज्यकर्त्यांचें धोरण, लोकांची आवड अशीं अनेक कारणें एकत्र येतात. परंतु ह्यांपैकीं एकही डोळ्यांस दिसत नाहीं. डोळ्यांस दिसतो तो वस्तु वापरणारा माणूस. आणि राग नेहमीं दिसणाऱ्यावर निघतो.

२. मुंबईची गिरणी आणि मँचेस्टरचें कापड

आपल्या दोन्ही तालुक्यांतून घाट उतरून मुंबईस पोटासाठीं जाण्याचा परिपाठ फार जुना आहे. मुंबईंत जेवणाचे डबे पोंचविणारे पुष्कळसे लोक जुन्नर, आंबेगांव, खेड व मावळ ह्याच भागांतले. गिरण्यांतूनही आपल्याकडील हजारों हात राबले. मुंबईंतील पहिल्या कापसाच्या गिरणीची कंपनी कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं काढली. गिरणींतील यंत्रें विलायतेहून येत, आणि सूत काढणारे हात कोंकणांतून व घाटावरून येत.

ह्या गिरण्यांस खरा जाच होता. १८९६ सालीं सरकारनें आयात कापडावर शेंकडा ३॥ जकात बसविली, आणि त्याबरोबरच हिंदुस्थानच्या गिरण्यांत विणलेल्या कापडावरही शेंकडा ३॥ कर बसविला. हेतु उघड होता: लँकेशायरच्या मालास येथें कोणतीही अडचण पडूं नये. आपल्याच घरांत आपल्या मालावर पाहुण्याच्या सोयीसाठीं कर, हा अन्याय सुमारें तीस वर्षें चालला. १९२५ च्या डिसेंबरांत त्याची वसुली थांबली. तेव्हां विलायती कापडाविरुद्धचा राग निराधार नव्हता. १९०५ च्या ऑक्टोबरांत पुण्यास विलायती कापडाची होळी झाली, आणि ३१ जुलै १९२१ रोजीं मुंबईस परळ येथें उमर सोबानी यांच्या एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारांत गांधींच्या हातें प्रचंड होळी पेटली, तिच्यामागें हा सर्व इतिहास होता.

कापड जाळणें योग्य कीं अयोग्य, ह्याविषयीं त्या काळींच थोर माणसांत मतभेद होते. रवींद्रनाथ ठाकूर आणि गांधींचे परमस्नेही चार्ल्स अँड्र्यूज ह्या दोघांसही ती होळी रुचली नाहीं. त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, वस्तूची होळी पेटल्यावर तिची ठिणगी कोठें जाऊन पडते, हें पेटविणाराच्या हातीं राहत नाहीं.

३. नोव्हेंबर १९२१

१७ नोव्हेंबर १९२१ ह्या दिवशीं इंग्लंडचे युवराज मुंबईच्या बंदरांत उतरले. राष्ट्रीय सभेनें त्या दिवशीं हरताळ पुकारिला होता. त्याच सकाळीं परळच्या त्या आवारांत मोठी सभा भरून पुनः विलायती कापड पेटविण्यांत आलें. सभा शांततेनें उरकली. परंतु कांहीं तासांच्या आंतच शहरांत दंगा उसळला. युवराजांच्या स्वागतास गेलेले पारशी, ख्रिस्ती व यहुदी लोक परततांना जमावाच्या तावडींत सांपडले. ट्रामगाड्या अडविल्या, उतारूंच्या डोक्यांवरील विलायती टोप्या हिसकावून घेतल्या, दारूचीं दुकानें जाळलीं; कांहीं पोलिसांस ठार मारण्यांत आलें. जमावांत नाना तऱ्हेचे लोक होते, आणि गिरण्यांतील कामगारही होते. दुसऱ्या दिवसापासून उलट बाजू पेटली: पारशी व ख्रिस्ती लोकांच्या टोळ्यांनीं खादीची टोपी दिसेल त्यास मारावयास आरंभ केला. चारपांच दिवसांत पन्नासांहून अधिक माणसें मेलीं आणि शेंकडों घायाळ झालीं.

ह्या ठिकाणीं आम्ही ख्रिस्ती आहों हें सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. आमच्या समाजांतील वृद्धांकडून 'टोपीवाला' हा शब्द आम्हीं लहानपणीं ऐकला आहे, आणि तो कशा स्वरांत उच्चारला जाई तेंही ऐकलें आहे. ज्यांचे आजे-पणजे ह्याच मातींत नांगर धरीत होते, त्यांस डोक्यावरील एका टोपीमुळें परके ठरविलें गेलें. परंतु आमचेच कांहीं लोक दुसऱ्या दिवशीं काठ्या घेऊन रस्त्यांत उतरले, हीही गोष्ट आम्हांस लपवितां येत नाहीं. ज्यास मार बसला त्यानें दुसऱ्या निरपराध्यास मारिलें. त्यासही टोपीचेंच निमित्त पुरलें.

त्या दिवसांत टोपीस माणसाहून अधिक महत्त्व आलें. टोपी परदेशी असेल. डोकें तर येथलेंच होतें.

गांधींनीं ह्या वेळीं काय केलें, तें प्रत्येक विद्यार्थ्यानें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. "हे गुंड आमचे नव्हेत" असें म्हणून हात झटकणें त्यांस सोपें होतें. तसें न करितां त्यांनीं ह्या पापाचा वांटा स्वतःकडे घेतला, १९ तारखेपासून उपोषण आरंभिलें, आणि निरनिराळ्या जातींच्या पुढाऱ्यांनीं शहर शांत केल्यावर २२ तारखेस तें सोडिलें. बारडोलीस सुरू व्हावयाचा कायदेभंगही त्यांनीं पुढें ढकलला. आपल्या पक्षाच्या माणसांकडून झालेला अन्याय मोठ्यानें बोलून दाखविण्यास शत्रूशीं लढण्याहून अधिक धैर्य लागतें.

४. महाळुंगे पडवळचा बाबू

आतां त्याच शहरांतली, त्याच रागाची, पण दुसऱ्या वाटेनें गेलेली गोष्ट ऐका. ही तर आपल्या घरचीच आहे.

आंबेगांव तालुक्यांत महाळुंगे पडवळ म्हणून गांव आहे. तेथें एका गरीब शेतकऱ्याच्या घरीं १९०८ सालीं बाबू गेनू सैद जन्मला. घरच्या गरिबीमुळें तो मुंबईस गेला आणि कापडाच्या गिरणींत मजूर झाला. म्हणजे परदेशी कापडाशीं ज्याच्या भाकरीचा प्रत्यक्ष सामना होता, अशा लोकांपैकीं तो एक होता. १९३० सालीं कायदेभंगाची चळवळ सुरू झाली तेव्हां तो राष्ट्रीय सभेचा स्वयंसेवक बनला. त्या वर्षीं मुंबईच्या कापडबाजारांत विलायती मालावर कडक बहिष्कार होता. बाजारांतून माल बाहेर पडूं लागला कीं स्वयंसेवक वाट अडवीत, आणि पोलीस त्यांस उचलून बाजूस करीत.

१२ डिसेंबर १९३० रोजीं काळबादेवी भागांत विलायती कापडानें भरलेली एक मोटार लॉरी पोलिसांच्या बंदोबस्तांत निघाली. बाबू गेनू तिच्यापुढें आडवा पडला. लॉरी त्याच्या अंगावरून गेली आणि त्याच दिवशीं त्याचा अंत झाला. लॉरी जाणूनबुजून घातली असें लोकांचें म्हणणें होतें. सरकारपक्षानें तो अपघात ठरविला. वय अवघें बावीस वर्षांचें. आज मुंबईंतील त्या भागांतल्या रस्त्यास त्याचें नांव आहे, पुण्याच्या मंडईजवळील चौकास आहे, आणि आपल्या डिंभे धरणाच्या जलाशयासही 'हुतात्मा बाबू गेनू सागर' असेंच नांव दिलेलें आहे. आंबेगांव हें मूळ गांव ज्या पाण्याखालीं गेलें, तेंच हें पाणी.

१९२१ चा जमाव आणि १९३० चा बाबू गेनू ह्यांच्या मनांतील राग एकाच जातीचा होता. दोघांसही परदेशी कापड नको होतें. मग भेद कोठें आहे? जमावानें कापड अंगावर असलेल्या माणसास धरिलें. बाबूनें कापड वाहणारी गाडी अडविली. जमावानें दुसऱ्याच्या अंगास इजा केली. बाबूनें स्वतःचें अंग पुढें केलें. जमावापुढें जो सांपडला तो दुबळा होता. बाबूपुढें जें उभें होतें तें साम्राज्य होतें. रागाची किंमत कोणी द्यावयाची, ह्या एका प्रश्नाचें उत्तर दोघांनीं वेगवेगळें दिलें. तेवढ्यामुळें एका दिवसाची आठवण लाज म्हणून राहिली आणि दुसऱ्याची पुण्यतिथि झाली.

५. समुद्रापलीकडचा कामगार

ह्या बहिष्काराची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मुंबईच्या बाजारांत विलायती कापड पडून राहूं लागलें, तेव्हां लँकेशायरांतील माग थांबले. ह्यास जगांतील मंदी, जपानची चढाओढ, जुनीं यंत्रें अशीं इतरही कारणें होतीं. परंतु बेकार झालेल्या विणकरणीस बहिष्काराचें नांव तेवढें ऐकूं येई. १९३१ च्या सप्टेंबरांत गांधी गोलमेज परिषदेसाठीं इंग्लंडांत होते. तेथील एका गिरणीमालक कुटुंबाच्या आमंत्रणावरून ते लँकेशायरांत डार्वेन ह्या गांवीं गेले. पोलिसांस काळजी पडली असेल. कारण ज्या माणसानें आपली भाकर काढून घेतली असें म्हटलें जात होतें, तोच पंचा नेसून त्यांच्या दारीं आला होता.

झालें तें निराळेंच. गिरणींतील कामगार स्त्रियांनीं त्यांस गराडा घालून आनंदानें जयघोष केला. त्या प्रसंगाचें छायाचित्र आजही उपलब्ध आहे. गांधींनीं त्यांची समजूत काढण्यासाठीं गोड बोलून वेळ मारून नेली नाहीं. तुमची बेकारी मी जाणतों, परंतु माझ्या देशांत वर्षांतले कित्येक महिने कोट्यवधि लोक रिकामे आणि उपाशी असतात, असा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ होता. त्या कामगारांचें काम त्यामुळें परत आलें नाहीं. परंतु दोन देशांचे श्रमिक एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं शकले. तोंड दिसलें म्हणजे द्वेष करणें कठीण होतें, हें ह्यांतून शिकावें.

आणखी एक गोष्ट येथेंच सांगतों. ती शेतकऱ्यांच्या मुलांनीं विसरूं नये. पुढें मुंबईच्या गिरण्यांस विलायतेपेक्षां जपानी कापडाचें भय अधिक वाटूं लागलें. १९३३ च्या जूनमध्यें सरकारनें जपानी कापडावरील जकात शेंकडा ७५ पर्यंत चढविली. तेव्हां जपानी गिरण्यांनीं हिंदुस्थानचा कापूस घेण्याचें बंद केलें. गिरणीवाल्याचें रक्षण झालें, पण त्याचा भार कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यावर पडला. शेवटीं दोन्ही देशांस वाटाघाट करून करार करावा लागला. परदेशी मालास दार लावतांना आपला माल त्याच दारानें बाहेर जातो, हें लक्षांत ठेवावें लागतें.

६. डेट्रॉइट, १९८२

आतां मोटारींकडे वळूं. अमेरिकेंतील डेट्रॉइट हें शहर जगाच्या मोटार-धंद्याचें माहेर. १९७३ व १९७९ सालीं खनिज तेलाचे भाव भडकले. तेव्हां थोड्या तेलांत चालणाऱ्या लहान जपानी मोटारी अमेरिकन लोक घेऊं लागले. डेट्रॉइटचे कारखाने मोठ्या गाड्या करीत बसले होते. लाखों कामगार बेकार झाले. १९८१ सालीं अमेरिकन सरकारच्या आग्रहावरून जपाननें आपल्या मोटारींची निर्गत वर्षास १६ लक्ष ८० हजारांवर मर्यादित केली. परंतु बेकार माणसाचा राग आंकड्यांनीं शमत नाहीं. कामगारसंघांच्या आवारांत परदेशी मोटारी उभ्या करण्यास मनाई झाली. जत्रेंत खेळ मांडावा तशी जपानी मोटार मांडून लोकांनीं ती घणांनीं फोडली. अशी मोटार बाळगणारा शेजारी देशद्रोही ठरूं लागला.

ह्या वातावरणांत व्हिन्सेंट चिन नांवाचा सत्तावीस वर्षांचा तरुण तेथें राहत होता. तो वंशानें चिनी, पण वाढलेला अमेरिकेंत, आणि कारखान्यासाठीं नकाशे काढण्याचें काम करणारा. लौकरच त्याचा विवाह व्हावयाचा होता. १९ जून १९८२ च्या रात्रीं एका नाचघरांत मोटार-धंद्यांतील दोघां माणसांशीं त्याची बाचाबाची झाली. त्यांतील एक मोटार कारखान्यांतील मुकादमीच्या हुद्द्यावरचा व दुसरा कामावरून कमी झालेला होता. "तुमच्यामुळें आम्ही बेकार झालों" अशा अर्थाचे शब्द उच्चारले गेल्याचें एका साक्षीदारानें सांगितलें. पुढें त्यांनीं त्यास रस्त्यांत गांठून चेंडूफळीच्या दांडक्यानें डोक्यावर मारिलें. २३ जून रोजीं तो मरण पावला. त्या दोघांस न्यायालयानें कारागृहांत धाडिलें नाहीं. तीन वर्षें चांगल्या वर्तणुकीची अट व प्रत्येकीं ३,००० डॉलर दंड एवढीच शिक्षा झाली. त्यावर सर्व अमेरिकाभर आशियाई लोकांनीं आवाज उठविला आणि नागरिक हक्कांच्या कायद्याखालीं पुनः खटले झाले. परंतु शेवटीं १९८७ सालीं तेथेंही दोष शाबीत झाला नाहीं.

हा तरुण जपानी नव्हता. तो परदेशीही नव्हता. तो कोणाची मोटार विकीत नव्हता. त्याचा चेहरा मात्र रागास हवा होता तसा होता. मुंबईंत टोपीनें जें केलें, तें डेट्रॉइटांत चेहऱ्यानें केलें.

आणि दैवाचा खेळ पाहा: त्याच १९८२ सालीं होंडा ह्या जपानी कंपनीनें अमेरिकेंतील ओहायो प्रांतांत मोटारी बनविण्यास प्रारंभ केला. अमेरिकन हातांनीं केलेली ती मोटार परदेशी म्हणावी कीं स्वदेशी?

७. चाकणची मोटार कोणाची?

हाच प्रश्न आपल्या दारापाशीं आहे. आपल्या देशांत मोटारींचा धंदा मुळापासूनच मिश्र आहे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली ती अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या साह्यानें. पुढें मुंबईच्या रस्त्यांवरून धांवणारी तिची प्रसिद्ध गाडी इटलीच्या फियाटची होती. टाटांनीं १९५४ सालीं मालमोटारी करावयास घेतल्या त्या जर्मनीच्या डायम्लर-बेंझशीं करार करून. मारुतीचें नांव आपलें. परंतु ती कंपनी आज जपानच्या सुझुकीच्या ताब्यांत आहे. उलट इंग्लंडची जग्वार व लँड रोव्हर ही कंपनी २००८ सालापासून टाटांची आहे. म्हणजे आज इंग्रज कामगार हिंदी मालकाचें वेतन घेतो. चाकणास जर्मन फोक्सवॅगनचा कारखाना २००९ सालीं उघडला. महिंद्र व बजाज ह्यांचेही कारखाने त्याच माळांवर आहेत. सकाळीं मंचर-नारायणगांवच्या रस्त्यानें कामगारांच्या गाड्या निघतात, त्या देशी व परदेशी अशा दोन्ही फाटकांशीं थांबतात, आणि एकाच घरांतील दोघे भाऊ दोन निरनिराळ्या फाटकांतून आंत जातात.

आमच्या वर्गांतील त्या मुलाच्या वडिलांविषयीं आम्हीं मागाहून चौकशी केली. ज्या कारखान्यांतून त्यांचें काम सुटलें, तो कारखाना परदेशी कंपनीचाच होता! परदेशी गाडी लोकांनीं घेतली म्हणून त्यांचें काम गेलें नव्हतें; गाड्यांची मागणी घटली, आणि कंत्राटदाराचीं माणसें सर्वांत आधीं कमी झालीं. ह्यापुढें एकाही माणसानें परदेशी गाडी घेतली नसती, तर त्यांचें काम परत येण्याऐवजीं राहिलेल्यांचेंही गेलें असतें.

ह्याचा अर्थ त्या मुलाचें गाऱ्हाणें खोटें, असा नव्हे. वर्षानुवर्षें कंत्राटावर राबवून घ्यावें, आणि मंदीच्या पहिल्या झुळुकेसरशीं घरीं बसवावें, ही रीति विचारण्याजोगी आहे. ती कायद्यानें, कामगारसंघानें, मतपेटीनें विचारावी. परंतु तो प्रश्न शाळेच्या बांकावर बसलेल्या सोबत्यास विचारण्याचा नव्हे. त्याचें उत्तर त्या मुलापाशीं नाहीं.

८. रांजण आणि टाकें

शेवटीं तुम्हांस आपल्या डोंगरांतील दोन वस्तूंची आठवण करून देतों.

नाणेघाटाच्या माथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. कोंकणांतील बंदरांवरून जुन्नरास येणाऱ्या मालावरील जकात त्यांत टाकीत, अशी परंपरा आहे. म्हणजे परक्या मालास कांहीं नियम असावा, देशाचें हित पाहून त्यावर कर घ्यावा, हें आपल्या पूर्वजांस मान्य होतें. त्यांत कांहीं पाप नाहीं. स्वदेशी माल घेण्याचें व्रतही चांगलें आहे. तें ज्यानें त्यानें स्वतःसाठीं घ्यावें.

दुसरी वस्तु जुन्नरच्या लेण्यांत आहे. तेथील ब्राह्मी शिलालेखांत 'यवन' म्हणविणाऱ्या, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या किंवा त्या वंशाच्या, दात्यांचीं नांवें आहेत. त्यांपैकीं इरिल नांवाच्या यवनानें पाण्याचीं दोन टाकीं दान दिलीं, आणि चिट नांवाच्या यवनानें संघास भोजनमंडप दिला. त्याच लेण्यांत येथील धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीनेंही लेणें व टाकें दिल्याचा लेख आहे. परका आणि गांवकरी, दोघांचीं दानें एकाच डोंगरांत शेजारीं शेजारीं आहेत. पाणी पिणारास तें कोणाचें, असें कोणी विचारलें नसावें.

आमच्या प्रभूनें शेजारी म्हणजे कोण हें सांगण्यासाठीं जो दाखला दिला, त्यांतही वाटेंत पडलेल्या जखमी माणसास उचलणारा शोमरोनी म्हणजे परकाच होता. घाटाच्या माथ्यावर मालासाठीं रांजण असावा आणि माणसांसाठीं टाकें असावें, एवढें ज्यानें ओळखलें त्याचा स्वदेशाभिमान कधीं कोणाच्या डोक्यावर पडणार नाहीं.

त्या दोघां मुलांविषयीं सांगावयाचें राहिलें. आम्हीं वर्गांत ह्या पाठाचा बहुतेक भाग सांगितला. नांवें मात्र कोणाचीं घेतलीं नाहींत. दुसऱ्या दिवशीं पहिला मुलगा आपलें दप्तर उचलून त्या बांकावर जाऊन बसला. त्यानें क्षमा मागितली नाहीं आणि दुसऱ्यानेंही कांहीं विचारलें नाहीं. दोघांच्या मध्यें प्रथम एक हाताचें अंतर होतें. सहामाही परीक्षेपर्यंत तेंही राहिलें नाहीं. वडिलांस अद्याप कायमचें काम मिळालेलें नाहीं. तो प्रश्न शिल्लक आहे, आणि तो तुम्हां-आम्हां सर्वांचा आहे.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. जुन्नरच्या हातकागदाचा धंदा बसण्याचीं कारणें सांगा. त्यांतील कोणतें कारण डोळ्यांस दिसणारें होतें?

२. १७ नोव्हेंबर १९२१ आणि १२ डिसेंबर १९३० ह्या दोन दिवसांची तुलना करा. स्वयंसेवकानें वाट अडविणें योग्य होतें काय? दोन्ही बाजू लिहा.

३. आपल्या घरांतील दहा वस्तु घेऊन त्या कोठें झाल्या, कोणाच्या कंपनीनें केल्या आणि कोणाच्या हातांनीं केल्या, ह्याची यादी करा. 'स्वदेशी' कोणत्या, हें मग ठरवा.

४. आपल्या घरांतील किंवा आळींतील वडील माणसांपैकीं कोणी गिरणींत अगर कारखान्यांत होते काय? त्यांचें काम कां सुटलें, तें त्यांच्याच तोंडून ऐकून एक पानभर लिहून आणा.